दोन्ही जमेल ना, ताई?

या वेळी पत्रं बरीचशी एकाच सुरातली आलीयेत, डिझाइन शिकणाऱ्या मुलांची, आणि एक त्यांच्यातल्याच एकाच्या आईचं. जानेवारी आला की हे दरवर्षी होतं. शेवटचं सेमिस्टर सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच इंटर्नशिप लागते. पहिलं पत्र लांब आहे पण मी कापलं नाही, त्यातले तपशीलच कामाचे आहेत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात एम.डेस.च्या (डिझाइनमधल्या मास्टर्सच्या) लास्ट सेमला आहे, मूळची सांगलीची, कोथरूडला मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. थेसिसचा विषय आहे एसटी स्टँडवर माणसाला आपली गाडी कशी सापडते, म्हणजे फलाट नंबर, वेळापत्रकाचे बोर्ड, चौकशीची खिडकी, अनाउन्समेंट हे सगळं. डिसेंबरात खराडीला एका कंपनीत यूएक्सची (अॅप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं डिझाइन करायची) इंटर्नशिप लागली, कर्ज देणाऱ्या अॅपचं काम आहे, सहा महिने, सोमवार ते शुक्रवार दहा ते सात, स्टायपेंड २० हजार. कॉलेजने परवानगी दिलीये पण 'थेसिसवर परिणाम होता कामा नये' असं त्यातच लिहून. मार्चमध्ये मिडटर्म ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडायचं) आहे, मेमध्ये फायनल. स्वारगेटला माझं आत्तापर्यंत दोनदाच जाणं झालंय. घरी यायला साडेआठ होतात, जेवून लॅपटॉप उघडला की डोळे मिटायला लागतात. गाईड म्हणतात काय ते एक ठरव, ऑफिसातला मेंटॉर म्हणतो छान चाललंय, पीपीओचं (इंटर्नशिपनंतरच्या नोकरीच्या ऑफरचं) बघू. बाबांनी शिक्षणासाठी लोन काढलंय त्यामुळे स्टायपेंड सोडायची हिंमत होत नाही. दोन्ही जमवणारी मुलं असतात ना, मग मलाच का जमत नाहीये? टाइम मॅनेजमेंटचं काहीतरी सांगा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, टाइम मॅनेजमेंट राहू दे बाजूला. दहा ते सात ऑफिस आणि वर जाण्यायेण्याचे तीन तास, म्हणजे बारा तास गेले, त्यात झोप, जेवण, कपडे, कधीमधी आईशी फोन. उरतं काय मॅनेज करायला? पहाटे चारला उठायचे रील्स बघत असशील तर ते आजच बंद कर. आणि वनाझ ते रामवाडी मेट्रोत बसून इंटरव्ह्यू ट्रान्सक्राइब करायचा सल्ला कोणी दिला असेल तर तोही ऐकू नकोस, मेट्रोत खिडकीबाहेर बघायचं, गाणी ऐकायची, दिवसातला तेवढाच तुझा वेळ आहे.

आता ती 'दोन्ही जमवणारी मुलं'. त्यांच्याकडे जरा नीट बघ, बऱ्याच जणांचं काम मुळात एकच असतं. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये) एम.डेस. अडीच वर्षांचं आहे आणि शेवटी जो ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट असतो तो कितीतरी मुलं कंपनीत बसूनच करतात, म्हणजे त्यांचं ऑफिस आणि त्यांची डिग्री एकाच टेबलावर असते. तुझं तसं नाहीये. कर्जाचं अॅप वेगळं आणि स्वारगेटचा फलाट वेगळा, तू दोन कामं करतेयस आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटतंय की तू त्यांचं एकच करतेयस. म्हणून तुला जमत नाहीये, तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही.

मग दोन्ही एक करता येतील का, म्हणजे थेसिसच अॅपवर घ्यायचा? तू विचारलं नाहीयेस पण मिडटर्मच्या आधी आठवडाभर हा विचार तुझ्या डोक्यात येणारच, म्हणून आत्ताच सांगते, नको. कंपनीचा डेटा ज्युरीसमोर ठेवायला परवानगी लागेल, ती मिळेपर्यंत एप्रिल उजाडेल, आणि तुझा आत्ताचा विषय चांगला आहे गं, तो सोडू नकोस.

तेव्हा दोन कामं आहेत हे मान्य करायचं आणि त्यातल्या एकाचे दिवस कमी करायचे. कुठल्या? ज्युरीची तारीख तू हलवू शकत नाहीस, ऑफिसचे दिवस मात्र विचारून कमी करून घेता येतात, निदान विचारता तरी येतात. आठवड्याला चार दिवस माग. पाचव्या दिवसाचा स्टायपेंड कापा असं आपणहूनच म्हण, म्हणजे २० चे १६ हजार होतील. बाबांच्या लोनचं मला कळतंय, पण हिशोब असा कर : अख्खे सहा महिने धरले तरी तुझे २४ हजार कमी होतायत, आणि थेसिस अडकून एक सेम वाढलं तर कॉलेजची फी किती भरावी लागेल ती मागच्या सेमच्या पावतीवर बघ. रूमचं भाडं वेगळंच.

मागताना 'सर मला खूप स्ट्रेस येतोय' असं नको लिहूस. खरं असलं तरी त्यावर समोरचा 'टेक केअर' म्हणतो आणि काम तेवढंच ठेवतो. तारखा लिही. साधारण असं : 'माझी मिडटर्म ज्युरी मार्चमध्ये अमुक तारखेला आहे आणि फायनल मेमध्ये. या महिन्यापासून मला बुधवारी थेसिससाठी सुट्टी हवी आहे, त्या दिवसाचा स्टायपेंड वजा केला तरी चालेल. ज्युरीच्या आठवड्यात मी येणार नाही, त्या स्प्रिंटमध्ये माझ्या नावावर काम टाकू नका.' आधी मेंटॉरशी तोंडी बोल, मग हेच मेलवर टाक आणि एचआरला सीसी कर. तोंडी 'चालेल गं' म्हणणारा मेंटॉर महिन्याभरात दुसऱ्या टीममध्ये गेला तर तुझ्या हातात काय राहणार?

आणि कुठलं काम अंगावर घ्यायचं हेही बघ. यूएक्समध्ये दोन प्रकारची कामं असतात, एक ज्याच्यावर डेव्हलपर अडून बसलेले असतात, उद्या सकाळी हँडऑफ नाही झाला, म्हणजे तयार डिझाइन त्यांच्या हातात नाही पडलं, तर सात जण तुला पिंग करतात, आणि दुसरं ज्याची कोणी वाट बघत नसतं पण करावं तर लागतंच : फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधले कंपोनंट साफ करणं, जुन्या स्क्रीन्सचा ऑडिट, युजर टेस्टच्या नोट्स लावणं. मार्च आणि मेमध्ये हे दुसरं माग. ते करताना कंटाळा येतो, पण बुधवारी फोन वाजत नाही. इंटर्नने असलं काम स्वतःहून मागितलेलं ऑफिसला आवडतंसुद्धा, कारण एरवी त्याला कोणी हात लावत नाही.

आता थेसिस, म्हणजे माझा आवडता भाग. तुला वाटतंय ऑफिसमुळे फील्डवर्क होत नाहीये, पण एसटी स्टँड काय दहा ते सात चालतं का? खरी गर्दी कधी असते? शुक्रवारी संध्याकाळी गावाकडे निघणाऱ्यांची, रविवारी रात्री परत येणाऱ्यांची, सोमवारी पहाटेची, लग्नसराईत तर विचारूच नकोस. बोर्डावर काय लिहिलंय ते न कळून बावरलेला माणूस तुला तेव्हाच दिसणार. मंगळवारी दुपारी बारा वाजता जाऊन दिसतो तो झोपलेला माणूस. त्यामुळे तुझं निरीक्षण शनिवार-रविवारी होऊ शकतं, नव्हे तेव्हाच व्हायला पाहिजे (एकटी जाऊ नकोस रात्री, फ्लॅटवरच्या एकीला वडापावचं आमिष दाखव). ऑफिसच्या वेळेत फक्त दोन गोष्टी होतात : फोटो काढायची आणि बोर्ड लावून बघायची परवानगी, त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटायचं, आणि गाईडची मीटिंग. तुझा बुधवार या दोन्हीसाठी. तिथल्या वाहतूक नियंत्रकांशी निवांत बोलायला विसरू नकोस, दिवसभर 'सांगलीची गाडी कुठं लागते हो' हे ऐकणारी माणसं ती, तीस प्रवाशांच्या इंटरव्ह्यूत मिळणार नाही ते त्यांच्याकडून तासाभरात मिळेल.

मग कात्री लाव. अख्खं एसटी महामंडळ सुधारायला घेऊ नकोस. एक स्टँड, एका प्रकारचा प्रवासी, उदाहरणार्थ वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येणारा, ज्याला स्वारगेट पाठ नाही. एसटीचा इतिहास मुलं हमखास लांबवतात, १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली इथपासून सुरू करून चाळीस पानं. एक परिच्छेद पुरे. बोर्डासाठी स्वतः देवनागरी फॉन्ट काढायचा मोह होईल, तोही नको, तो आख्खा वेगळा थेसिस आहे. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त', 'बालू' आहेत की, फुकट आहेत, ओपन सोर्स आहेत, मोठ्या अक्षरात लांबून वाचता येतात का ते टेस्ट कर आणि तेच वापर. टेस्टिंगलाही पन्नास माणसं धरून आणायची नाहीत. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचा जाणकार जेकब निल्सन २००० सालापासून सांगतोय की पाच जणांवर टेस्ट केली तरी बहुतेक घोळ दिसतात, तो वेबसाइटबद्दल बोलत होता, स्टँडवर जरा जास्त घे, पण पाच-सहा जणांवर एकदा, बोर्ड सुधारून परत पाच-सहा जणांवर, हे एकाच वेळी चाळीस जणांना फॉर्म भरायला लावण्यापेक्षा कितीतरी बरं. ए-थ्रीचे प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवलेस तरी चालतं. रिपोर्ट मेमध्ये 'लिहायला बसेन' म्हणू नकोस, स्टँडवरून आलीस की त्याच रात्री मराठीत व्हॉइस नोट कर, पुढच्या बुधवारी ती उतरव.

गाईड 'काय ते एक ठरव' म्हणाले ते रागाने नसावेत, त्यांना तुझ्याकडून काही बघायलाच मिळालेलं नाहीये. दर आठवड्याला आदल्या रात्री दोन पानं पाठव आणि मग भेट, सूर बदलतो की नाही बघ.

राहिलं पीपीओ. 'बघू' म्हणजे ऑफर नाही. ऑफर आलीच तरी ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की डिग्री पूर्ण झाल्यावर रुजू व्हा, म्हणजे थेसिस बुडवून पीपीओ वाचवायला गेलीस तर दोन्ही जाणार. मेंटॉरला एप्रिलच्या सुरुवातीला सरळ विचार, हो की नाही आणि कधीपासून, लेखी. आणि चार दिवसांना त्यांनी नाहीच म्हटलं तर माझं मत स्पष्ट आहे : मार्चअखेर इंटर्नशिप थांबव. नोटीस किती दिवसांची आहे ते लेटरमध्ये आत्ताच बघून ठेव, आणि निघताना सर्टिफिकेटवर प्रत्यक्ष केलेल्या महिन्यांचा उल्लेख मागून घे. साडेतीन महिन्यांची इंटर्नशिप रेझ्युमेवर चांगलीच दिसते.

प्रश्न : माझं उलटं झालंय. मी प्रॉडक्ट डिझाइनला मास्टर्सला आहे आणि आमचं शेवटचं सेम म्हणजेच कंपनीतला प्रोजेक्ट. स्वयंपाकघरातली उपकरणं बनवणारी कंपनी आहे, मी नवीन मिक्सरच्या बॉडीवर काम करतोय. पहिल्याच दिवशी एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही घेतली, मी वाचला नाही. आता म्हणतात गाईडलासुद्धा फोटो पाठवायचे नाहीत. ज्युरीत काय दाखवू? आणि पोर्टफोलिओत?
— एक विद्यार्थी, चाकण

उत्तर : आधी तो एनडीए काढून वाच बाबा, आज. तुझ्याकडे कॉपी नसेल तर एचआरकडून माग, ती मागायचा तुला हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही.

कंपनी एवढी का घाबरते तेही समजून घे, म्हणजे बोलणं सोपं जाईल. २००० च्या डिझाइन्स अॅक्टखाली वस्तूचा आकार, बाह्यरूप रजिस्टर करता येतं, आधी दहा वर्षं आणि मग आणखी पाच. पण अट अशी की अर्ज करायच्या आधी ते डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नसावं, भारतात नाही आणि बाहेरही नाही. तू उत्साहाच्या भरात बिहॅन्ससारख्या पोर्टफोलिओच्या साइटवर रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली चित्रं) टाकलेस किंवा कॉलेजच्या डिग्री शोमध्ये मॉडेल मांडलंस आणि अजून अर्ज गेलेला नसेल तर त्यांचं रजिस्ट्रेशन अडचणीत येऊ शकतं. म्हणजे त्यांची भीती खोटी नाहीये. पण गुप्ततेच्या अटीवर, विश्वासाने चार जणांना दाखवणं आणि जाहीर करणं यात कायदाही फरक करतो, त्यामुळे 'गाईडलासुद्धा नाही' हे जरा जास्तच झालं. गाईड आणि ज्युरीवाल्यांनीही कंपनीच्या कागदावर सही केली तर बंद खोलीत ज्युरी होऊ शकते. इंडस्ट्रीत प्रोजेक्ट पाठवणाऱ्या कॉलेजांना हे नवीन नसतं. मात्र ही बोलणी तू एकट्याने मध्ये उभं राहून करायची नाहीत, कॉलेजातल्या प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरला कंपनीच्या माणसाशी थेट बोलू दे. तू फक्त दोघांना एका मेलमध्ये आण.

रिपोर्टच्या दोन आवृत्त्या करायच्या, एक ज्युरीसाठी पूर्ण, एक लायब्ररीसाठी, ज्यात अंतिम आकार, मोजमापं, किंमत नाही. आणि अर्ज कधी जाणार ते कंपनीला विचार. ज्युरीच्या आधी अर्ज गेला तर निम्मा प्रश्नच संपला. तारीख विचारणारा इंटर्न त्यांना आगाऊ वाटेल कदाचित, वाटू दे.

मालकीचं म्हणशील तर फार आशा ठेवू नकोस. मोबदला देऊन करून घेतलेल्या डिझाइनचा मालक कंपनीच असते. चित्रं, ग्राफिक्स, मजकूर यांच्यासाठी १९५७ चा कॉपीराइट अॅक्ट आहे, त्याच्या कलम १७ मध्येही नोकरीत किंवा अॅप्रेंटिस म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची असं आहे, वेगळा करार केलेला नसेल तर. तो 'वेगळा करार' म्हणजे एक वाक्य असू शकतं : प्रॉडक्ट बाजारात आल्यावर किंवा अमुक महिन्यांनी मी हे काम माझ्या नावाने पोर्टफोलिओत दाखवू शकेन. हे वाक्य आत्ता मागितलंस तर मिळेल, सेम संपल्यावर तिथे तुझा मेलसुद्धा कोणी उघडणार नाही. तोपर्यंत पोर्टफोलिओत काय? तुझी सुरुवातीची वाया गेलेली स्केचेस, पुठ्ठ्याची, फोमची मॉडेलं, हात ओला असताना झाकण कसं पकडतात त्याचा अभ्यास. अर्थात यातलंही त्यांना दाखवून, विचारून. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना चकचकीत रेंडरपेक्षा हेच बघायचं असतं, निदान मला तरी.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शनमध्ये मास्टर्स करतोय, मे महिन्यात संपेल. आता शेवटच्या सेमला त्याला एका कंपनीत डिझाइन इंटर्नशिप मिळतेय, तो म्हणतो आई सगळे करतात. मला व्हिसाची भीती वाटते. अभ्यास सांभाळून हे चालतं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमची भीती रास्त आहे आणि तो म्हणतोय तेही खरं आहे, बरीच मुलं करतात, पण परवानगी घेऊन. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना बाहेरच्या कंपनीत असं काम करायचं तर सहसा सीपीटी लागतं, म्हणजे शिकता शिकता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. ते युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसातले डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारे अधिकारी) देतात, त्याच्या आय-ट्वेंटीवर, म्हणजे युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर, कंपनीचं नाव आणि कधीपासून कधीपर्यंत ते छापून येतं. ते हातात येण्याआधी एक दिवससुद्धा काम सुरू करायचं नाही, ट्रेनिंग म्हणून नाही आणि 'फक्त ऑनलाइन मीटिंग आहे' म्हणूनही नाही. आणि ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, त्यामुळे शेवटच्या सेमला काही युनिव्हर्सिट्या जरा कडक असतात. त्याला आजच अॅडव्हायझरला भेटायला सांगा.

आठवड्याला २० तासांपर्यंत असेल तर ते पार्ट टाइम धरलं जातं. फुल टाइम सीपीटी बारा महिने किंवा जास्त झालं तर त्याच पातळीच्या डिग्रीनंतरची ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ तिथे काम करायची परवानगी) मिळत नाही, पार्ट टाइमने तसं होत नाही. एका सेमची गोष्ट आहे त्यामुळे तिकडून काळजी नाही. खरी काळजी वेगळीच आहे. डिग्रीनंतर काम करायला ओपीटी लागणार, त्याचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यावर ६० दिवसांच्या आत पोचावा लागतो. म्हणजे त्याचा अर्ज भरायचा काळ बरोब्बर याच सेममध्ये, थेसिस आणि इंटर्नशिपच्या मध्येच येतोय. एरवी हुशार असलेली मुलं नेमकं हेच मागे टाकतात. तुम्ही इथून फोनवर जेवलास का विचारताच, त्याच्या जोडीला अर्ज गेला का हेही विचारा, चिडला तरी. त्याच्या डिग्रीला स्टेम कोड आहे का, म्हणजे ती विज्ञान-तंत्रज्ञानात धरली जाते का, तेही बघायला सांगा, असेल तर पुढे ओपीटीला २४ महिन्यांची वाढ मागता येते. हे नियम बदलत असतात, तेव्हा शेवटचा शब्द डीएसओचा, व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या सीनियरचा नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर २० तास जमतात, जर त्याने या सेमला एक-दोनच विषय शिल्लक ठेवले असतील. चार विषय आणि थेसिस बाकी असेल तर मी नको म्हणेन.

प्रश्न : लास्ट सेमला आहे, रिमोट इंटर्नशिपची ऑफर आहे, पहिले तीन महिने अनपेड, आणि आधी पाच हजार सिक्युरिटी डिपॉझिट भरायला सांगतायत, सर्टिफिकेट मिळेल म्हणतात. घेऊ का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. डिपॉझिट मागितलं तिथेच विषय संपला, पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही. आधार-पॅनचे फोटो पाठवले असशील तर कोणाला आणि कधी ते लिहून ठेव, मेल डिलीट करू नकोस, आणि पैसे भरून झाले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच फोन कर.